दक्षिण आफ्रिकेच्या पोटात आणखी एक देश कसा? लेसोथोची गोष्ट

२ एप्रिल २०२५ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी देशोदेशींच्या मालावर लावायच्या आयातशुल्काची यादी जाहीर केली. आपण सगळ्यांनी तिच्यात भारत शोधला, चीन शोधला. पण यादीतला सर्वांत मोठा आकडा, ५० टक्के, होता लेसोथोच्या नावापुढे. त्याआधी महिनाभरच, ४ मार्चला, अमेरिकी संसदेत बोलताना ट्रम्प म्हणाले होते की या देशाचं नाव कुणी ऐकलेलंसुद्धा नाही.

ज्याचं नावही ऐकलं नाही, त्याच्यावर जगात सर्वांत जास्त शुल्क! तेव्हापासून अनेकांनी मला विचारलं, की हा देश आहे तरी कुठे, आणि त्याने अमेरिकेचं असं काय घोडं मारलं? उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं, डोंगरापासून सुरुवात करावी लागते. कारण या देशाचं जे काही आहे, बरं आणि वाईट, ते सगळं उंचीमुळे आहे.

आधी नाव, मग नकाशा

आपण लिहितो ‘लेसोथो’, पण तिथले लोक म्हणतात साधारण ‘लिसूथू’. एकोणिसाव्या शतकात तिथे आलेल्या फ्रेंच मिशनऱ्यांनी त्यांची भाषा रोमन लिपीत बसवली, त्या लिखाणात ‘ऊ’च्या जवळचा उच्चार ‘ओ’ने दाखवला गेला आणि जगाने तो तसाच वाचला. शेवटचा वर्ण मात्र आपल्या ‘थ’सारखा श्वास सोडून म्हणायचा असतो. इंग्रज तिथे ‘तू’ म्हणतात. मराठी माणसाची जीभ तेवढी चुकायची नाही.

मराठीत आपण शब्दाच्या शेवटी प्रत्यय लावतो, त्यांच्या भाषेत तो सुरुवातीला लागतो. मूळ शब्द ‘सोथो’. एक माणूस तो मोसोथो, अनेक माणसं ते बासोथो, त्यांची भाषा सेसोथो आणि त्यांचा देश लेसोथो. एवढं लक्षात ठेवलं की पुढची नावं परकी वाटत नाहीत.

आता नकाशा. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला दक्षिण आफ्रिका हा मोठा देश आहे. त्याच्या पूर्व भागात एक गोलसर तुकडा वेगळ्या रंगात दाखवलेला असतो, तो लेसोथो. त्याला समुद्र नाही. अशा देशाला भूवेष्टित म्हणतात, म्हणजे चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला. असे देश जगात बरेच आहेत. पण लेसोथोला वेढणारा देश एकच आहे. कुठल्याही दिशेने बाहेर पडा, पाऊल दक्षिण आफ्रिकेतच पडतं. जगात असे फक्त तीन देश आहेत. दुसरे दोन इटलीच्या पोटात आहेत, व्हॅटिकन आणि सान मारिनो. ते दोन्ही एखाद्या शहराएवढे किंवा त्याहूनही लहान. लेसोथोचं क्षेत्रफळ ३०,३५५ चौरस किलोमीटर आहे. पुणे आणि नाशिक जिल्हे एकत्र केले तर जेवढं होईल, त्याहून किंचित कमी. वस्ती साधारण २३ लाख.

‘डोंगराळ’ म्हणजे नक्की किती?

या देशातली सर्वांत खालची जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर आहे, सेंकू आणि माखालेंग नद्यांच्या संगमावर. सेंकू म्हणजे पुढे दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नावाने वाहणारी नदी. आपलं महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. म्हणजे तिथली अगदी खोलगट जागासुद्धा महाबळेश्वरच्या वर. संपूर्ण जमीन १,००० मीटरच्या वर असलेला हा जगातला एकमेव स्वतंत्र देश. सर्वांत उंच शिखर थाबाना न्त्लेन्याना, ३,४८२ मीटर. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त.

त्या डोंगरांचे फोटो पाहिले तर सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला ओळखीचं काहीतरी दिसतं. काळा कातळ, एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखे कडे, सपाट माथे. हे साम्य वरवरचं नाही. तो दगड बेसॉल्टच आहे. आपला दख्खनचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साठून बनला, तिथला सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी, त्याच प्रकारे. फरक हा, की तिथे बेसॉल्टच्या खाली पिवळसर वालुकाश्म आहे आणि पश्चिमेकडच्या सखल पट्ट्यात तो उघडा पडलेला आहे. या वालुकाश्माचे सुटे, सपाट डोंगर पुढच्या इतिहासात फार कामाला आले.

एवढ्या उंचीवर थंडी कडाक्याची. जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा, तेव्हा बर्फ पडतं, आफ्रिकेत असूनही लोक तिथे बर्फावर घसरायच्या खेळांसाठी जातात. म्हणून बासोथो माणसाच्या अंगावर जाड लोकरी घोंगडं असतं. ते नुसतं थंडीसाठी नाही. लग्नात, बाळंतपणात, मुलगा वयात आल्यावर, प्रत्येक प्रसंगाचं घोंगडं वेगळं. त्यावरचे पट्टे उभे येतील असंच ते पांघरायचं, कारण उभा पट्टा म्हणजे वाढ.

मग दक्षिण आफ्रिकेने हा देश गिळला कसा नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

१८२० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या त्या भागात हाहाकार होता. दुष्काळ, गुरांसाठी लढाया, उठलेली गावं, वाट फुटेल तिकडे पळणारी माणसं. या काळाला बासोथो लोक ‘लिफाकाने’ म्हणतात. त्या धामधुमीत मोश्वेश्वे नावाचा एक तरुण सरदार १८२४ मध्ये आपली माणसं आणि गुरं घेऊन थाबा बोसिऊ नावाच्या वालुकाश्माच्या डोंगरावर चढला. ‘श्वे-श्वे’ हा वस्तरा फिरल्याचा आवाज. एका शेजारच्या सरदाराची गुरं त्याने इतक्या सफाईने पळवली, जणू त्याची दाढीच केली, म्हणून हे नाव पडलं.

थाबा बोसिऊ म्हणजे रात्रीचा डोंगर. रात्री तो वाढतो आणि शत्रूला चढता येत नाही, असं लोक सांगत. प्रत्यक्षात तो आपल्या गिरिदुर्गांच्या जातीचा: माथा सपाट आणि ऐसपैस, वर पाण्याचे झरे, गुरांना चरायला गवत, चहूबाजूंनी ताशीव कडा आणि चढायला मोजक्याच घळी. त्या घळींच्या तोंडाशी दगड रचून ठेवायचे आणि शत्रू अर्ध्यावर आला की ढकलून द्यायचे. हा डोंगर मोश्वेश्वेच्या हयातीत कुणालाही जिंकता आला नाही.

पण नुसत्या कड्यांनी राष्ट्र होत नाही. ते झालं गुरांमुळे. जो उपाशी, उद्ध्वस्त माणूस दाराशी येई, त्याला मोश्वेश्वे गाई पाळायला देई. दूध तुझं, गाय माझी. या रीतीला ‘माफिसा’ म्हणतात. अशी निरनिराळ्या कुळांची माणसं त्याच्याभोवती जमली आणि त्यांचे बासोथो झाले. त्याची एक गोष्ट तिथल्या मुलांना पाठ असते. थाबा बोसिऊकडे येतानाच्या वाटेवर त्याचा आजा पेएते याला नरभक्षकांनी मारून खाल्लं. पुढे ती माणसं हाती लागली, तेव्हा लोक म्हणाले, मारा यांना. मोश्वेश्वे म्हणाला, माझ्या आजाची कबर यांच्या पोटात आहे, कबर कशी मोडू? त्याने त्यांना गुरं दिली आणि वसवलं.

मग आले बोअर, म्हणजे डच वंशाचे गोरे शेतकरी. त्यांनी शेजारी ऑरेंज फ्री स्टेट हे स्वतःचं राज्य उभारलं आणि बासोथोंच्या पश्चिमेकडच्या जमिनीवर डोळा ठेवला. १८५८ पासून दहा वर्षांत तीन लढाया झाल्या. १८६५ मध्ये बोअरांचा सेनानी लो वेपेनर थाबा बोसिऊच्या घळीत चढता चढता मारला गेला, पण खालच्या मैदानातली उभी पिकं बोअरांनी जाळली. डोंगर शाबूत, धान्य संपलेलं. मोश्वेश्वेने पाहिलं की लढत राहिलो तर सगळंच जाईल. त्याने ब्रिटिशांकडे संरक्षण मागितलं. माझा देश म्हणजे राणीचं घोंगडं आणि माझी माणसं म्हणजे त्यातल्या उवा, असं त्याने म्हटल्याचं सांगतात. मार्च १८६८ मध्ये ब्रिटिशांनी हा मुलूख आपल्या छत्राखाली घेतला, नाव दिलं बासुटोलँड. १८७० च्या मार्चमध्ये मोश्वेश्वे गेला.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळ लोक सांगतात. पण देश वेगळा राहिला तो यापुढच्या गोष्टीमुळे. १८७१ मध्ये ब्रिटिशांनी हा मुलूख केप कॉलनीला जोडून टाकला. केप ही दक्षिणेकडची वसाहत, तिथे गोऱ्यांचं स्वतःचं सरकार. १८८० मध्ये त्या सरकारने हुकूम काढला, बासोथोंनी बंदुका जमा कराव्यात. आता या बंदुका कुठून आल्या होत्या? बासोथो तरुण किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत महिनोन्‌महिने राबत आणि त्या मजुरीतून बंदूक घेऊन घरी परतत. घामाची कमाई होती ती. त्यांनी बंदुका द्यायला नकार दिला आणि लढले. केपच्या फौजेला डोंगरात त्यांचा निकाल लावता आला नाही, खर्च परवडेना. १८८४ मध्ये केपने हा मुलूख लंडनच्या थेट ताब्यात परत दिला.

ही तारीख फार महत्त्वाची. कारण १९१० मध्ये केप कॉलनी, फ्री स्टेट आणि शेजारच्या वसाहती एकत्र येऊन दक्षिण आफ्रिका हा देश बनला. बासुटोलँड तेव्हा केपमध्ये असतं, तर त्यांच्याबरोबर आपोआप आत गेलं असतं. ते बाहेर होतं, म्हणून बाहेर राहिलं. नंतरही दक्षिण आफ्रिका ते मागत राहिली, बासोथो नाही म्हणत राहिले. ४ ऑक्टोबर १९६६ ला लेसोथो स्वतंत्र झाला.

डोंगर वाचले, शेतं गेली

या स्वातंत्र्याची किंमत जबर होती. १८६९ च्या करारात मोहोकारे नदीपलीकडची काळीभोर, सपाट, मक्याची जमीन फ्री स्टेटकडे गेली ती गेलीच. आज लेसोथोची जेमतेम दहावा हिस्सा जमीन नांगराखाली येते. ज्यांनी एके काळी आसपासच्या मुलखाला धान्य पुरवलं, त्यांना धान्य विकत घ्यायची पाळी आली. २०२३ मध्ये लेसोथोच्या संसदेत एका खासदाराने ती जमीन परत मागण्याचा प्रस्ताव मांडला होता. दीडशे वर्षं झाली, सल गेलेला नाही.

शेत नसलेल्या घरातला पुरुष काय करणार? खाणीत जाणार. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक लाखाहून जास्त बासोथो पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या आणि इतर खाणींत होते. देश केवढा आणि त्यातले एक लाख कर्ते पुरुष परमुलखात, जमिनीखाली! कोकणातल्या किंवा घाटावरच्या ज्या घरांनी मुंबईच्या गिरण्यांची मनीऑर्डर पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नव्वदच्या दशकात खाणींनी माणसं कमी केली. परतलेल्या कित्येकांच्या फुफ्फुसात दगडाची धूळ होती. त्या रोगाच्या भरपाईचा दक्षिण आफ्रिकेतला मोठा समझोता न्यायालयाने मंजूर केला २०१९ मध्ये.

घरापासून वर्षानुवर्षं दूर राहणारे पुरुष आणि मागे राहिलेली कुटुंबं, या परिस्थितीत एचआयव्ही फार वेगाने पसरला. आजही तिथे प्रौढांपैकी पाचांतल्या जवळपास एकाला हा संसर्ग आहे, जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक. औषधोपचारात या देशाने मोठी मजल मारली होती, आणि त्यातला बराच पैसा अमेरिकेचा होता. २०२५ मध्ये तो आटला तेव्हा शेकडो आरोग्य कर्मचाऱ्यांचं काम गेलं.

एक गोष्ट मात्र आपल्याला उलटी वाटेल. इथे साक्षरतेत बायका पुरुषांच्या पुढे आहेत. कारण मुलगे लहानपणीच गुरांमागे डोंगरात जातात. सात-आठ वर्षांचा पोर, पायात गमबूट, अंगावर राखाडी घोंगडं, हातात काठी, आणि महिनोन्‌महिने दगडी खोपटात मुक्काम. खायला मक्याची घट्ट ‘पापा’, आणि ज्वारीचं पीठ आंबवून केलेलं ‘मोतोहो’, म्हणजे जवळजवळ आपली आंबील. बहिणी तेवढ्या वेळात शाळेत असतात.

पाणी विकणारा देश

आता उंचीची दुसरी बाजू. एवढ्या उंच डोंगरांवर पाऊस पडतो, बर्फ वितळतं, आणि तिथून उत्तरेला दक्षिण आफ्रिकेचा जोहान्सबर्गचा औद्योगिक पट्टा आहे, खाणींचा, कारखान्यांचा, कायम तहानलेला. इमारतीच्या गच्चीवर टाकी असते तसा लेसोथो या पट्ट्याच्या डोक्यावर आहे. गच्चीवरचं पाणी खाली आणायला पंप लागत नाही, वीज लागत नाही. नळ सोडला की झालं.

पण निसर्गाने नळ दुसऱ्याच बाजूला बसवला होता. डोंगरातल्या नद्या दक्षिणेकडे जाऊन सेंकूला मिळतात आणि ते पाणी पश्चिमेला अटलांटिक समुद्राकडे जातं. ते उत्तरेला वळवायचं तर डोंगर फोडायला हवा. आपल्याकडे कोयनेचं पूर्वेला जाणारं पाणी बोगद्यातून पश्चिमेला कोकणाच्या बाजूला सोडलं, तसंच. त्यासाठी मालिबामात्सो नदीवर कात्से धरण बांधलं, १८५ मीटर उंच, दोन्ही अंगांनी कमानीसारखं वळलेलं. तिथून ४५ किलोमीटरचा बोगदा मुएला वीजघरापर्यंत, आणि पुढे ३७ किलोमीटरचा बोगदा सीमेपलीकडच्या नदीत. जानेवारी १९९८ पासून हे पाणी दक्षिण आफ्रिकेतल्या वाल धरणात पोचतं आहे, वर्षाला सुमारे ७८ कोटी घनमीटर. कात्से ते वाल, एकही पंप नाही. उलट वाटेत ७२ मेगावॅट वीज मिळते.

मग पाण्याची किंमत कशी ठरवली? ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेला हेच पाणी खालच्या अंगाला अडवून स्वतःच्या हद्दीतूनही नेता आलं असतं, पण मग ते पंपाने वर चढवावं लागलं असतं आणि त्याचा खर्च प्रचंड. त्या योजनेचा खर्च वजा या योजनेचा खर्च, म्हणजे झालेली बचत. ती बचत वाटून घ्यायची, ५६ टक्के लेसोथोला, ४४ टक्के दक्षिण आफ्रिकेला. लेसोथोच्या या वाट्याला स्वामित्वधन म्हणतात. म्हणजे लेसोथो खरं तर विकतो ती उंची.

करार खुशीने झाला का?

वाटणी ऐकून करार बरोबरीचा वाटतो. पण १९८६ चं वर्ष पाहिलं पाहिजे. तेव्हा दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट होती आणि तिच्याशी लढणारे कितीतरी लोक लेसोथोत आश्रयाला होते. डिसेंबर १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सैनिकांनी रात्री सीमा ओलांडून राजधानी मासेरूत ४२ माणसं मारली, त्यांतली बारा लेसोथोची. जानेवारी १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने सीमा आवळली. सगळ्या बाजूंनी एकच शेजारी असणं म्हणजे काय, ते त्या दिवसांत कळलं: दुकानं रिकामी, इंधन नाही. २० जानेवारीला लेसोथोच्या सैन्याने आपलंच सरकार उलथवलं. पाण्याचा करार झाला त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला.

धरणाच्या काठच्या गावांना काय मिळालं, हेही विचारायला हवं. कात्सेचा जलाशय भरू लागल्यावर जमीन हादरू लागली. मापेलेंग गावातून लांबलचक भेग गेली, घरांना तडे गेले. १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांच्या घरात सांगितला जातो, त्यांना या गावाची भीती कळेल. विस्थापितांना गेलेल्या शेताच्या बदल्यात वर्षाला धान्य किंवा पैसे, पन्नास वर्षांपर्यंत, अशी भरपाई ठरली. पण ज्याचं शेत पाण्याखाली गेलं, त्याचं चराऊ रान, औषधी झाडपाला, सरपण आणि पलीकडच्या गावाची पायवाटही गेली. शेजारून कोट्यवधी घनमीटर पाणी वाहून जातं आणि गावातली बाई डोक्यावर घडा घेऊन झऱ्यावर जाते, असं चित्र तिथे वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. मासेरूच्या पट्ट्यासाठी स्वतंत्र मेटोलोंग धरण झालं ते २०१५ मध्ये.

या प्रकल्पात एक अभिमानाचीही गोष्ट आहे. बड्या परदेशी कंपन्यांनी प्रकल्पाच्या प्रमुखाला लाच दिल्याचं उघड झालं, तेव्हा लेसोथोच्या न्यायालयाने २००२ मध्ये त्या अधिकाऱ्याला तुरुंगात पाठवलंच, शिवाय लाच देणाऱ्या कंपन्यांनाही दोषी ठरवलं. मोठमोठ्या देशांनी टाळलेलं काम एवढ्याशा देशाने केलं.

आता ते ५० टक्के

खाणीतून पुरुष परतले, तेव्हा घर सावरलं बायकांनी, शिलाई मशीनवर. २००० मध्ये अमेरिकेने आफ्रिकी देशांच्या मालाला शुल्क न लावता प्रवेश देणारा कायदा केला. तैवानच्या आणि चीनच्या मालकांनी मासेरू आणि मापुत्सोए इथे कपड्यांचे कारखाने काढले. जीन्स, टी-शर्ट. चांगल्या दिवसांत चाळीस हजारांहून जास्त कामगार होते, बहुतेक बायका.

आता ५० टक्के आले कुठून, ते कागदावर मांडून पाहू. २०२४ मध्ये अमेरिकेने लेसोथोकडून सुमारे २३.७३ कोटी डॉलरचा माल घेतला, त्यात कपडे आणि हिरे. लेसोथोने अमेरिकेकडून घेतला सुमारे २८ लाख डॉलरचा. दोन्हींतला फरक, म्हणजे व्यापारतूट, २३.४५ कोटी. या तुटीला २३.७३ ने भागलं की येतात ९९ टक्के. अमेरिकेने म्हटलं, लेसोथो आमच्यावर ९९ टक्के बोजा टाकतो, आम्ही त्याच्या निम्माच टाकू. झाले ५० टक्के.

समजा तुमचं किराणा दुकान आहे. दारावर येणाऱ्या भाजीवालीकडून तुम्ही महिन्याला २,३७३ रुपयांची भाजी घेता. ती तुमच्या दुकानातून २८ रुपयांची काडेपेटी आणि मीठ नेते. तेवढ्यावरून ती तुम्हाला लुटते असं कुणी म्हणेल का? ती कमी घेते कारण तिच्याकडे पैसे कमी आहेत.

यावर एक रास्त शंका येते: लेसोथोही अमेरिकी मालावर शुल्क लावत असेलच की! लावतो, पण एकटा ठरवत नाही. दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना, नामिबिया, एस्वातिनी आणि लेसोथो यांचा सीमाशुल्क संघ आहे, १९१० चा, आज चालू असलेल्यांपैकी जगातला सर्वांत जुना. बाहेरच्या मालावर पाचही देशांत एकच दर, आणि जमा झालेला पैसा वाटून घ्यायचा. या दरावर वजन दक्षिण आफ्रिकेचं. शिवाय लेसोथोच्या दुकानांतला बहुतेक माल दक्षिण आफ्रिकेतून येतो. अमेरिकी वस्तू त्या वाटेने आली, तर ती लेसोथोची खरेदी म्हणून अमेरिकेच्या वहीत दिसत नाही.

५० टक्के प्रत्यक्षात काही दिवसांतच स्थगित झाले आणि ऑगस्टमध्ये दर १५ टक्क्यांवर आला. केनिया आणि एस्वातिनीवर तेव्हा १० टक्के होते. कपड्याच्या धंद्यात नफा इतका पातळ असतो की हा पाच टक्क्यांचा फरक ऑर्डर फिरवायला पुरतो. आणि ऑर्डर तर एप्रिलमध्येच थांबल्या होत्या. जुलै २०२५ मध्ये सरकारने बेरोजगारीपायी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. पूर आणि दुष्काळासाठी असलेला कायदा रोजगारासाठी वापरावा लागला.

हिरे आहेत ना?

आहेत, आणि मोठे आहेत. ३,००० मीटरहून उंचावरच्या लेत्सेंग खाणीत २०१८ मध्ये ९१० कॅरटचा हिरा सापडला, ४ कोटी डॉलरला विकला गेला. पण तिथे शंभर टन दगड फोडावा तेव्हा दोन कॅरटसुद्धा हाती लागत नाहीत. खाण यंत्रांवर चालते, माणसं थोडी लागतात, आणि सरकारचा वाटा ३० टक्के. हिऱ्याचं नाव जगभर जातं, मापुत्सोएतल्या शिलाई कामगाराचा पगार त्यातून निघत नाही.

मग विलीनच का होत नाहीत?

चलन लोती, पण त्याची किंमत दक्षिण आफ्रिकेच्या रँडला बांधलेली आणि रँडही सर्रास चालतो. सेसोथो बोलणारे लोक लेसोथोपेक्षा दक्षिण आफ्रिकेत जास्त. माल तिकडचा, नोकऱ्या तिकडे. वर्णभेदही १९९४ ला संपला. मग हट्ट कशाला? हा प्रश्न लेसोथोतही विचारला जातो. २०१० मध्ये विलीनीकरणासाठी सह्यांची मोहीम निघाली होती.

मला वाटतं, याचं उत्तर जमिनीत आहे. १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कायदा केला, त्याने देशातल्या बहुसंख्य काळ्या लोकांसाठी ७ टक्क्यांच्या आसपास जमीन उरली. पुढे ती १३ टक्क्यांपर्यंत गेली. बाकी सगळी गोऱ्यांची. मोहोकारेच्या अलीकडे मात्र हे घडलं नाही. लेसोथोत जमीन राष्ट्राची, राजा तिचा विश्वस्त. आज तिसरा लेत्सिए राजा आहे, मोश्वेश्वेचाच वंशज, राज्यकारभार पंतप्रधान पाहतात. जमीन तुटपुंजी आहे, धुपलेली आहे, पण ती परक्या मालकाच्या नावावर गेली नाही. ज्यांच्या भाऊबंदांनी नदीपलीकडे आपल्याच रानात गडी म्हणून आयुष्य काढलं, ते ही गोष्ट सहज विसरणार नाहीत.

सीमेचा त्रास खराच आहे. मासेरूच्या पुलावर सकाळी रांग लागते, कामाला, दवाखान्याला, बाजाराला जाणाऱ्यांची. ती रांग सोपी करा, ही मागणी विलीनीकरणापेक्षा कितीतरी जास्त लोकांची आहे.

पुढचं पाणी

पोलिहाली इथे आणखी एक मोठं धरण बांधलं जात आहे. त्यातून ३८ किलोमीटरचा बोगदा कात्सेत येईल आणि जोहान्सबर्गकडे आणखी पाणी जाईल. पुन्हा गावं हलत आहेत, पुन्हा चराऊ रानं पाण्याखाली जाणार आहेत.

धरणाच्याही वर, जिथे या नद्या उगम पावतात, तिथे उंच पठारांवर पाणथळ गवताळ जागा आहेत. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी त्या स्पंजासारखं धरून ठेवतात आणि कोरड्या महिन्यांत थोडं थोडं सोडतात. गुरं-मेंढरं जास्त झाली, गवत मुळापर्यंत खाल्लं गेलं, की हा स्पंज वाळतो, माती सुटते आणि गाळ धरणात उतरतो. म्हणजे जोहान्सबर्गच्या नळाला येणारं पाणी काही अंशी त्या गमबूट घातलेल्या पोरावर आणि त्याने मेंढरं कुठे वळवली यावर अवलंबून आहे.

यासाठी बासोथोंची जुनी रीत आहे, ‘माबोएल्ला’. गावचा सरदार एखादं रान राखीव ठरवतो, तिथे दगडांचे ढीग रचून हद्द दाखवतो, आणि गवत पुन्हा उगवेपर्यंत त्यात गुरं सोडायची नाहीत. सोडली तर दंड. हे दगडांचे ढीग आजही डोंगरात दिसतात. त्यांची राखण करणाऱ्या गावांना पाण्याच्या पैशातून किती वाटा मिळावा, हा हिशेब मात्र ५६ आणि ४४ च्या वाटणीत कुठेच धरलेला नाही.